चित्रपटांची सोयरीक

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळापुढे यंदा दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी की, दर महिन्याला एक मूळ चित्रपट आणि त्याचा रीमेक लागोपाठ दाखवावा व शेवटी हात वर करून मतदान घ्यावे. दुसरी अशी की, विषम महिने मराठीला व सम महिने कन्नडला वाटून द्यावेत, म्हणजे कुरबूर उरणार नाही. दोन्ही सूचना करणारे माझे मित्र आहेत आणि दोघांचाही हेतू चांगला आहे. तरीही मला त्या मान्य नाहीत. का मान्य नाहीत, हे बैठकीत चहा येईपर्यंतच्या वेळात सांगून होण्यासारखे नाही, म्हणून ही पाने अडवीत आहे.

वाटणीची सूचना आधी घेतो, कारण ती सोपी आहे. मराठी चित्रपटाच्या दिवशी कन्नड विभागातल्या मुलांना ग्रंथालयात काम निघते आणि कन्नड चित्रपटाच्या दिवशी खानापूरकडच्या आमच्या मुलांची बस नेमकी लवकर सुटते, हे सर्वांना ठाऊक आहे. महिने वाटून दिले की या पळवाटेला वेळापत्रकाचे रूप येईल, एवढेच. आणि गंमत अशी की, हीच मुले बाहेर काय करतात? 'के.जी.एफ.' (२०१८) आला, 'कांतारा' (२०२२) आला, तेव्हा आमच्या वर्गातल्या कित्येक मराठी मुलांनी हे कन्नड चित्रपट हिंदीत पाहिले. शाळेत इतकी वर्षे कन्नड शिकलेली, बाजारात आणि बँकेत रोज कन्नड बोलणारी ही मुले! शेजारच्या घरातले जेवण दिल्लीहून डब्यात भरून मागवावे, तसा हा प्रकार. बेळगावच्या मुलाने 'कांतारा' हिंदीत पाहावा याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता रीमेकच्या शर्यतीकडे वळू. ही सूचना अधिक आकर्षक आहे, म्हणून अधिक घातक आहे. तिचा एक प्रयोग आम्ही करून पाहिला. 'सैराट' (२०१६) आणि त्यावरून निघालेला हिंदी 'धडक' (२०१८) हे दोन्ही चित्रपट सभासदांनी पाहून यावेत आणि मग चर्चा करावी, असे ठरले. चर्चेच्या पहिल्या पाच मिनिटांतच 'धडक'चा निकाल लागला. मराठी मुले खूश झाली, जणू नागराज मंजुळे आमच्याच गल्लीत राहतात. मग कोणीतरी कन्नड 'मनसु मल्लिगे' (२०१७) याचे नाव काढले. त्यातली नायिकाही रिंकू राजगुरूच, संगीतही अजय-अतुल यांचेच. झाले! "आमच्यावरून तुम्ही घेतला" आणि "तुम्ही काय घेतले नाही का?" असे उलटसुलट सुरू झाले. शेवटी चित्रपट राहिले बाजूला आणि आम्ही रॉयल्टी वसूल करायला बसल्यासारखे बोलू लागलो. त्या बैठकीत एकही माणूस दुसऱ्याच्या चित्रपटाविषयी नवे काही शिकला नाही.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. आमचा एक कन्नड वर्गमित्र, एरवी फारसा न बोलणारा, शेवटी म्हणाला, "तुम्ही सगळे कुठला चांगला म्हणून भांडताय. मला एवढंच सांगा की, आर्चीचा बाप आमच्या गावात कोण असेल? ते कळलं की रीमेक कसा करायचा ते कळलं."

मला वाटते, रीमेकविषयी इतके नेमके वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. 'सैराट'मधला तो बाप म्हणजे नुसता रागीट श्रीमंत माणूस नव्हे. ऊस, राजकारण, कॉलेज आणि पाटीलकी यांच्या गाठीतून तो उभा राहिला आहे. त्याचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या कानफटात मारतो, आणि त्यानंतर जे घडते, किंवा खरे म्हणजे घडत नाही, त्यावरून त्या गावात सत्ता कोणाची हे आपल्याला कळते. करमाळ्याकडचे ते ऊन, ती विहीर, पारधी कोळ्याच्या वस्तीतला तो परशा, हे सारे एकमेकांना धरून आहे. एक वीट काढली तर भिंत येते. 'धडक'ने ही कथा उदयपूरला नेली. न्यायला हरकत नव्हती. राजस्थानात जात नाही असे थोडेच आहे? पण तिथे आर्चीचा बाप नेमका कोण, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. जात एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली, हवेली सुंदर दिसली, आणि 'झिंगाट' तेवढे हिंदीत आले. शेवटही बदलला. मूळच्या शेवटी ते लहान मूल रडत चालत जाते आणि पडद्यावरचा आवाजच बंद होतो. त्या शांततेत आम्ही प्रेक्षक अपराधी होऊन बसतो. ते पाहिले तेव्हा मी पाचवी-सहावीत होतो आणि घरी येताना बाबा माझ्याशी काही बोलले नव्हते.

याच कसोटीला उलट बाजूने उतरणारे उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडपाठ आहे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा रीमेक आहे, असे सांगितले की मराठी माणसाला थोडे वाईट वाटते. पण तो आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून तो आला, आणि हिंदीच्या मागे 'जय माँ काली बोर्डिंग' (१९५५) हा बंगाली चित्रपट उभा आहे. आता विचारा, बंगालीतली ती घरमालकीण पुण्यात कोण असेल? उत्तर तयार आहे: लीलाबाई काळभोर. जोडप्यांखेरीज कोणालाही जागा न देणारी ही बाई पुण्याच्या मातीतून उगवली आहे. ती कलकत्त्याहून आली याची शंकाही येत नाही. खोलीसाठी वणवण करणारे चौघे तर आजही आमच्या वर्गात आहेत. फरक इतकाच की त्यांना साड्या नेसून भागत नाही, आधार कार्ड दाखवावे लागते. तेव्हा मूळ ते थोर आणि रीमेक तो उष्टा, हा सरळ हिशेब चुकतो. ज्यांना कन्नड चित्रसृष्टी म्हणजे रीमेकचा कारखाना वाटते, त्यांनी राजकुमारांचा 'अनुराग अरळितु' (१९८६) आठवावा. कारखान्याची गर्विष्ठ मालकीण आणि तिला न नमणारा कामगार, ही ती गोष्ट. १९९२ साली ती तेलुगूत चिरंजीवीने केली, त्याच साली तमिळमध्ये रजनीकांतने केली, आणि १९९४ साली हिंदीत 'लाडला' म्हणून अनिल कपूर-श्रीदेवीने. कन्नड घराने दिलेलेही आहे, नुसते घेतलेले नाही.

कन्नडमध्ये रीमेक इतके का झाले, याला मात्र एक व्यापारी कारण आहे आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून ते सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. १९६० च्या दशकापासून परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करून लावायचे नाहीत, असा दंडक तिथल्या चित्रसृष्टीने पाळला. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता, पण कायद्याहून कडक होता. त्यामागची भीती खोटी नव्हती. उद्योग लहान, कामे बरीचशी मद्रासच्या स्टुडिओंतून चालणारी. आयते डब केलेले चित्रपट आले तर इथल्या नटांना, वादकांना, तंत्रज्ञांना उभे कोण करणार? पण बंदी डबिंगला होती, रीमेकला नव्हती. साहजिकच पाणी मोकळ्या वाटेने वाहिले. पुढे 'कन्नड ग्राहकर कूट' या ग्राहकांच्याच संघटनेने तक्रार केली आणि २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगाने असा अडथळा हा स्पर्धेला मारक ठरवला. स्पर्धा कायदा, २००२ हे प्रकरण आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. त्यात गांधीनगरच्या चित्रपटगल्लीचा वास येतो हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

त्याच विषयात दुसरा एक खटला आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, सर्वोच्च न्यायालय, १९७८. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचे नाटक लिहिले होते. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, मुलामुलीचे प्रेम आणि वडीलधाऱ्यांचा प्रांताभिमान. नंतर 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी मुलगा, मद्रासी मुलगी. नाटककाराला वाटले, आपले नाटक चोरले. न्यायालयाने म्हटले की कल्पनेवर, विषयावर कोणाची मालकी नसते. एकच विषय दोघांनी वेगवेगळ्या रीतीने मांडला तर ती नक्कल नव्हे. चित्रपटात भाड्याच्या खोलीसाठी पंजाबी नायक मद्रासी बनून राहतो, हुंड्याचाही प्रश्न येतो. नाटकाची धाव लग्नातल्या प्रांतवादापुरती होती. नाटककार हरला.

या निकालातली एक गोष्ट मला फार आवडली. नक्कल झाली की नाही हे ओळखायचे कसे? न्यायालयाने सांगितलेली मुख्य कसोटी अशी: ज्याने दोन्ही कृती पाहिल्या आहेत, अशा प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असा स्वच्छ ठसा उमटतो का, ते बघा. म्हणजे कायद्यालासुद्धा दोन्ही पाहिलेला प्रेक्षक हवा असतो! पुण्यात असा प्रेक्षक शोधावा लागेल. म्हैसूरलाही शोधावा लागेल. बेळगावात तो बाकाबाकांवर बसलेला आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतले चित्रपट खालच्या अक्षरांकडे न बघता समजणारी ही मुले. आणि आम्ही त्यांच्याकडून काय करून घेणार, तर हात वर करून 'आमचा चांगला' म्हणून घेणार!

म्हणून माझी सूचना तिसरी आहे. मूळ आणि रीमेक अशी जोडी लावू नये. एकाच प्रश्नाला भिडलेले दोन स्वतंत्र चित्रपट, एक मराठी, एक कन्नड, एकाच दिवशी दाखवावेत. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये जेवण. महिन्याला जमणार नाही, सत्रात तीन जोड्या झाल्या तरी पुष्कळ.

एका मॅडमनी यावर आक्षेप घेतला की, विषय एक म्हणजे चित्रपट जवळचे असे होत नाही. तुम्ही निबंधाचे मथळे शोधाल आणि चित्रपट त्यांत कोंबाल. आक्षेप खरा आहे. लगेच एका सभासदाने 'पाऊस' हा विषय सुचवला आणि 'मुंगारु मळे' (२००६) याचे नाव दिले. बेळगावच्या जुलै महिन्यात, छत्र्या दाराशी निथळत असताना, पावसावरचा चित्रपट दाखवण्याइतके शौर्य माझ्यात नाही. तेव्हा जोडी जमवताना पत्रिका नीट पाहिली पाहिजे. दुसऱ्या चित्रपटामुळे पहिल्यात काही नवे दिसले, तरच सोयरीक जुळली म्हणायची.

मला जुळलेली वाटते ती ही जोडी: राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) आणि बी. एस. लिंगदेवरु यांचा 'नानु अवनल्ल... अवळु' (२०१५). पहिल्याच्या मागे राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आहेत. दुसऱ्याच्या मागे लिव्हिंग स्माइल विद्या यांचे आत्मचरित्र. दोन्ही चित्रपटांच्या नायकांना, उपेंद्र लिमये आणि संचारी विजय यांना, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांनीही पडद्यावर साडी नेसली. इथवर साम्य.

पण पुढे पाहा. 'जोगवा'तला तायप्पा पुरुष आहे, त्याला पुरुष म्हणूनच जगायचे आहे, आणि गाव त्याला देवीच्या नावाने साडी नेसवते. सुलीच्या केसांत जट सापडते आणि तिचे लग्न, संसार, सगळे देवीच्या पायाशी जाते. लोकांनी लादलेले बाईपण त्याच्या अंगावर, लोकांनी लादलेले देवपण तिच्या अंगावर. कन्नड चित्रपटात नेमके उलट आहे. मादेश मुलगा म्हणून जन्मला, पण त्याला आतून ठाऊक आहे की, आपण मुलगी आहोत. चित्रपटाच्या नावाचा अर्थच 'मी तो नव्हे, ती' असा. तिला साडी हवी आहे आणि जग ती हिसकावून घेते. एकाला नको असलेले वस्त्र दिले जाते, दुसरीला हवे असलेले दिले जात नाही. सकाळी तायप्पाची साडी पाहून ज्याच्या पोटात कालवले, त्याने दुपारी विद्याची साडी पाहावी. साडीवर राग धरून चालणार नाही, एवढे त्याला तिथे कळेल. राग धरायचा तो दुसऱ्याने आपल्या अंगावर काय घालायचे ते ठरवणाऱ्यांवर. हे मला एकेका चित्रपटाने सांगितले नाही. दोन्ही पाहिले तेव्हा समजले.

आणि हा प्रश्न कुठला दूरचा नाही. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात आहे. पौर्णिमेला डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून येणारे आणि धारवाड-विजापूरकडून येणारे एकाच रांगेत असतात, आणि 'उदो' म्हणताना कोणाची भाषा कोणती हे ऐकून सांगता येत नाही. कर्नाटकाने देवदासी सोडण्यास बंदी करणारा कायदा १९८२ साली केला. कायद्याचे कलम आमच्या पुस्तकात नाही, पण जट कापायला न धजणारी माणसे आमच्या ओळखीची आहेत. हा विषय मराठीचा की कन्नडचा, हे महिने वाटणाऱ्यांनी मला सांगावे.

दुसरी जोडी थोडक्यात सांगतो. बी. व्ही. कारंतांचा 'चोमन दुडी' (१९७५) आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१४). शिवराम कारंतांच्या कादंबरीतल्या चोमाला स्वतःची जमीन कसायची आहे. बैल आहेत, हात आहेत, पण जात आडवी येते. त्याच्याजवळ बोलायला शब्द नाहीत, तो दुडी, म्हणजे आपला ढोल, वाजवतो. 'फँड्री'तला जब्या डुकरे पकडणाऱ्या बापाचा मुलगा, शाळेत जातो, काळ्या चिमणीमागे धावतो, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते तेव्हा त्याचे सारे कुटुंब डुकराचा पाठलाग सोडून ताठ उभे राहते. दोहोंत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर. चोमाचा राग ढोलावर निघतो. जब्याचा दगड सरळ आपल्याकडे येतो. मधल्या चाळीस वर्षांत काय बदलले आणि काय तसेच राहिले, यावर अर्थशास्त्राच्या सरांनी बोलावे अशी माझी विनंती आहे. मराठीचे सर बोलतीलच, त्यांना विनंती लागत नाही.

तिसऱ्या जोडीसाठी मी जुना चित्रपट सुचवतो, व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' (१९४१). तरुण सभासद नाके मुरडतील, पण यात रीमेकच्या वादावर एक सुंदर उत्तर आहे. प्रभात कंपनी तेव्हा एकाच वेळी मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्या काढी. 'शेजारी'ची हिंदी आवृत्ती 'पडोसी'. गोष्ट दोन म्हाताऱ्या मित्रांची, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधायला आलेला उद्योजक त्यांच्यात फूट पाडतो. मराठीत जिवबा पाटील झाले केशवराव दाते. हिंदीत मात्र हिंदू ठाकूर झाला मजहर खान हा मुसलमान नट, आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती, त्या वेळी हा उद्योग! एकाच दिग्दर्शकाने, त्याच वर्षी, तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगताना माणसे अशी बदलली. याला शोभेल असा कन्नड जोडीदार मला अजून सापडलेला नाही. तो कन्नड विभागाने शोधावा. मराठी मुलांनी शोधला तर पुन्हा 'तुम्हीच ठरवता' असे होईल.

राहिला व्यवहार. परवान्यांचा आणि प्रोजेक्टरचा प्रश्न मंडळाच्या चिटणीसांनी सोडवायचा आहे. मतदान नको. चर्चेची रीत मात्र एक असावी: मराठी चित्रपटावर प्रथम बोलायचे ते कन्नड विभागातल्या विद्यार्थ्याने, आणि कन्नड चित्रपटावर मराठी विद्यार्थ्याने, भाषा ज्याला जी जमेल ती, चुकली तरी कोणी हसू नये, थोडे हसले तरी चालेल. आपल्या चित्रपटाची वकिली करणे सोपे असते. दुसऱ्याच्या चित्रपटाविषयी बोलायचे तर तो आधी नीट पाहावा लागतो, आणि बस लवकर सुटत असली तरी थांबावे लागते.

पहिल्या जोडीच्या वेळी 'नानु अवनल्ल... अवळु'वर बोलण्यासाठी मी माझे नाव दिले आहे. माझ्या कन्नड उच्चारांची तयारी तो आर्चीचा बाप शोधणारा मित्र करून घेतो आहे. 'जोगवा'वर बोलायला कन्नड विभागातले एक नाव हवे. सूचनाफलकावर कागद लावला आहे, त्यावरची ती ओळ अजून कोरी आहे.